शाळेच्या आवारातला तरवड

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. मुले सुट्टीवर, आवाराला कुलूप आणि गावात पिण्याचे पाणीही टँकरने येणारे. अशा दिवसांत जे झाड कोणाच्याही मदतीवाचून तग धरते, तेच शाळेत लावावे, असे मला अनेक वर्षांच्या अनुभवानंतर वाटते. असे झाड म्हणजे आपला तरवड.

सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरच्या माळांवर मुरमाड जमिनीत वाढणारे, पिवळ्याधमक फुलांचे हे झुडूप आपण सारे ओळखतो. नवरात्रात घटावर याच्या फुलांची माळ चढते, शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा, म्हणजे तिथल्या सणातली फुलांची रास, याच फुलांनी सजते आणि ते त्या राज्याचे राज्यफूलही आहे. गुरे याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण मोडके असले तरी चालते.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला. बी जसेच्या तसे पेरले आणि महिनाभर वाट पाहिली, पण मोजकीच रोपे उगवली. तरवडाच्या बियांचे कवच टणक असते, पाणी आत शिरत नाही. पुढच्या वर्षी मुलांनी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर हलकेच घासले, रात्रभर कोमट पाण्यात भिजवले आणि सकाळी जे टम्म फुगले तेवढेच पेरले. जे फुगले नव्हते ते पुन्हा घासले. याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि रोप उपटून हलवले की ते तुटते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कायमच्या जागीच बी टोकावे. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी. पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर आळ्यात थोडे पाणी घालावे. पुढे त्याचीही गरज पडत नाही.

फुले आली की मुलांना झुडपाजवळ शांत उभे करावे. या फुलांत मध नसतो आणि परागकण परागकोशांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा त्याच्या गुंजारवाचा सूर एकदम बदलतो आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर उडते. हा बदललेला सूर मुलांच्या कानांना लगेच कळतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध फवारू नये. फिकट पांढरी फुलपाखरे याच पानांवर अंडी घालतात.

शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात. त्या वाळून तपकिरी झाल्या की मुलांकडून खुडून घ्याव्यात आणि बी कोरड्या बरणीत भरून, वर तारीख लिहून, पुढच्या जूनसाठी कपाटात ठेवावे.