पाच वॅटचा आवाज घरात मावेल कसा?

मंडळी, गिटारसाठी लहान ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर, घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ‘घरात वाजवायला पाच वॅट पुष्कळ’ असं चार जणांकडून ऐकून अँप आणलेला असतो, आणि व्हॉल्यूमचा नॉब तीनच्या पुढे सरकला की घरातलं कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. तीनच्या खाली ठेवावा तर ज्या सुरासाठी अँप घेतला तो सूरच हाती लागत नाही. तार छेडली की किंचित फाटत, दाटून येणारा तो आवाज खाली कुठे सापडतच नाही.

ही तक्रार अगदी खरी आहे. तिचं पहिलं कारण स्पीकरमध्ये आहे. गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात. पाच वॅट दिले की त्यात आणखी ७ डेसिबलची भर, म्हणजे १०२ ते १०७. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी नायॉश संस्थेने घालून दिलेल्या मर्यादेनुसार १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाला फक्त १५ मिनिटं राहावं. तेव्हा ‘पाचच तर वॅट’ हे वाक्य आधी मनातून काढून टाका. तुमच्या कानांसाठी सांगतो आहे.

दुसरं कारण कानाचं. वॅट निम्मे केले की आवाज निम्मा होईल असं वाटतं, पण फरक पडतो ३ डेसिबलचा, जेमतेम जाणवेल एवढा. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते. पाचाचा अर्धा वॅट. म्हणून दहा वॅटचा अँप विकून पाच वॅटचा घेण्यात पैसे जातात, शांतता मिळत नाही.

मग नॉबच खाली का आणू नये? याचं उत्तर कळण्यासाठी साधं उदाहरण घेऊ: १९५०च्या दशकातला फेंडर चँप, ज्याच्या धर्तीवर आजचे कितीतरी लहान अँप बनतात. गिटारचा सिग्नल आधी १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या पहिल्या अर्ध्या भागात जातो, मग व्हॉल्यूमच्या नॉबमधून दुसऱ्या अर्ध्या भागात, तिथून ६व्ही६ या ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये, आणि शेवटी आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमधून स्पीकरला. नॉब वाटेच्या मध्येच बसलाय. तो बारीक केला की पुढची सगळी मंडळी झोपूनच राहतात. ६व्ही६ला धाप लागायला हवी, तिथेच तर आपल्याला हवा तो आवाज जन्मतो, आणि आपण त्याच्यापर्यंत सिग्नलच पोचू देत नाही.

मास्टर व्हॉल्यूम हा या अडचणीवरचा जुना तोडगा. मार्शलने १९७५च्या सुमारास आपल्या मोठ्या अँपना तो दिला. त्यात आधीचे व्हॉल्व्ह फाटेपर्यंत चढवायचे आणि ताकदीच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे आवाज दाबायचा. जोरकस, दाट फाटलेला आवाज हवा असणाऱ्यांना तो पुरतो. पण चँपसारख्या अँपची गोडी शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये असते, आणि मास्टर व्हॉल्यूम नेमका त्यालाच उपाशी ठेवतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी कुठल्या व्हॉल्व्हचा आवाज वाचवायचाय ते ठरवा आणि कात्री त्याच्या पुढे लावा. ६व्ही६चा वाचवायचा असेल, तर कात्री लागेल ती अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये.

त्या कात्रीला अटेन्युएटर म्हणतात. ‘बॉस्टन’ या अमेरिकन रॉक बँडचे टॉम शोल्झ मुळात एमआयटीत शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी १९८०च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाचा असाच डबा बाजारात आणला. काम सरळ आहे: अँपची बहुतेक ताकद रेझिस्टरमध्ये उष्णता करून जिरवायची आणि उरलेली स्पीकरला द्यायची.

८ ओहमच्या आउटपुटसाठी तो घरी करता येतो, आकडे लिहून घ्या. ५.६ ओहमचा एक रेझिस्टर अँपकडून स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत, आणि ३.९ ओहमचा दुसरा स्पीकरच्या दोन टोकांना समांतर. ३.९ आणि स्पीकरचे ८ समांतर मिळून साधारण २.६ होतात. त्यात ५.६ मिळवा, झाले ८.२. म्हणजे अँपला समोर ८ ओहमच दिसतात, त्याला काही पत्ताही लागत नाही. आवाज मात्र १० डेसिबलनी उतरतो. पाच वॅटमधले जवळजवळ साडेतीन वॅट पहिल्या रेझिस्टरमध्ये जातात, एक वॅटच्या आसपास दुसऱ्यात, आणि स्पीकरच्या वाट्याला अर्धा वॅट उरतो. अँप पूर्ण फाटलेला असताना त्याच्या नावावरच्या वॅटच्या जवळजवळ दुप्पट ताकद देऊ शकतो, म्हणून रेझिस्टर कंजूषपणे घेऊ नका. दोन्ही २५ वॅटचे, ॲल्युमिनियमच्या कवचातले, धातूच्या डब्याला घट्ट आवळलेले, आणि डब्याला हवेसाठी भोकं. जोडायला स्पीकरची जाड तार वापरा, गिटारची केबल नाही.

एवढी काळजी कशासाठी, ते सांगतो. दुरुस्तीसाठी माझ्यासमोर आलेल्या एका अँपचा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळून काळा पडला होता. मालकाने रात्री आवाज नको म्हणून स्पीकरची तार काढून ठेवली होती आणि अँप पूर्ण चढवून हेडफोनचं काही जमतंय का ते पाहत होता. ट्यूब अँपला स्पीकर किंवा त्याच्याऐवजी तेवढाच भार नसेल, तर ट्रान्स्फॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फोडून जातं. मला त्या अँपचं फार वाईट वाटलं, कारण चूक एका तारेची होती. वर सांगितलेल्या जोडणीत स्पीकर सुटला तरी अँपला साडेनऊ ओहमचा भार राहतो, हा तिचा मोठा गुण. पण ५.६चा रेझिस्टर तुटला तर अँपसमोर भारच उरत नाही, म्हणून तोच सगळ्यात दणकट हवा.

अटेन्युएटरने सूर थोडा मंदावतो, हेही कबूल करायला हवं. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हा नावापुरता आकडा असतो. स्पीकरच्या स्वतःच्या कंपनाच्या जागी, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्‌झला, तो कितीतरी पट चढतो, आणि वरच्या सुरांकडे पुन्हा वाढत जातो. ट्यूब अँप या चढउतारांना प्रतिसाद देतो; खालचा दम आणि वरची चमक तिथून येते. रेझिस्टरला असं काही नसतं, तो सगळं सपाट करतो. १० डेसिबलपर्यंत ही झीज मला सहन होते. २० डेसिबल उतरवायचे असतील, तर स्पीकरसारखाच वागणारा रिॲक्टिव्ह लोड घ्यावा.

बाकीचे उपाय भराभर सांगतो. १२एएक्स७ची गुणन क्षमता, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायची ताकद, १००, त्याच पिनांवर बसणाऱ्या १२एवाय७ची साधारण ४४, १२एयू७ची २०च्या आसपास. १२एएक्स७ काढून यातला एक बसवला की नॉब हळू चढतो आणि हात बसतो. कमाल आवाज फारसा घटत नाही, कारण ६व्ही६ तोच आहे. कमी कार्यक्षमतेचा स्पीकर मात्र खरंच कामाचा: १०० डेसिबलचा काढून ९०चा बसवला तर अटेन्युएटरइतकीच घट मिळते, तीही सर्किटला हात न लावता. आतलं व्होल्टेज कमी करणारं सर्किट उत्तम चालतं, पण आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. ज्याला कपॅसिटर रिकामे करता येत नाहीत त्याने ते काम जाणकाराकडेच द्यावं.

आणि आवाज उतरवल्यावर अँप ‘पातळ’ वाटू लागला, तर अँपला दोष देण्याआधी फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांचं १९३३चं काम आठवा. हळू आवाजात कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात. बास थोडा वाढवला की सूर पुन्हा भरतो. अँपमध्ये बासचा नॉब नसेल तर भिंतीजवळ सरकवा, खर्ज उचलला जाईल. मात्र जमिनीवर ठेवू नका. गिटारच्या सहाव्या तारेचा ई ८२ हर्ट्‌झचा, त्याच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरच्या वर; गालिचा तिला अडवत नाही आणि खालच्या मजल्यावर ती आधी पोचते. स्टुलावर ठेवा, खाली जाड फोम घाला, आणि स्पीकरचं तोंड कानाकडे करा. वरचे सूर सरळ रेषेत जातात. अँप पायाशी असला की ते घोट्यांना ऐकू जातात आणि आपण ऐकू येत नाही म्हणून नॉब वाढवत राहतो. तोंड कानाकडे वळवून, नॉबला हात न लावता दहा मिनिटं वाजवून बघा. बहुतेकांना तेवढ्यावरच आवाज आणखी थोडा खाली आणता येतो.