नातवंडांचं पडसं, आजोबांचा दम

श्रोतेहो, नमस्कार.

मिरगाचा पाऊस लागला आणि शाळा सुरू झाल्या, की पंधरा दिवसांत माझ्या दवाखान्यातलं बाकडं भरायला लागतं. गेली तीस वर्षं कोल्हापुरात, पेठेतल्या एका बोळात बसून मी हे बघते आहे. या दिवसांत पेशंट एकेकटा येत नाही, अख्खं घर येतं. सोमवारी पोरगं येतं. नाक वाहतंय, अंगात कणकण आहे, तरी बाकड्यावर उड्या चालू. गुरुवारी त्याची आई येते. घसा बसलेला, अंग मोडून आलेलं, आणि तोंडानं म्हणते, "मला काय न्हाई ओ डॉक्टर, भाकऱ्या करूनच आले." आणि रविवारी रात्री रिक्षातून आजोबांना आणतात, तेव्हा त्यांना दोन पायऱ्या चढवत नसतात.

तिघांनाही गाठलेलं असतं ते बहुतेक वेळा एकाच विषाणूनं. मग पोरगं खेळतंय, आई राबतेय आणि आजोबांना ऑक्सिजन लागतोय, हे कसं? घरात आजार आणतो कोण, तो वाटतो कोण आणि भोगतो कोण, हे बरंचसं वयावर ठरतं. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक घर सांगते. काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. रंकाळ्याच्या बाजूला एका जुन्या घरात मला बोलावलं होतं. सोप्याचं दार ओढून घेतलेलं, खिडक्यांना आतून पोती लावलेली, कारण पावसाची झड आत येत होती. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून ओले कपडे वाळत घातलेले. हवा इतकी कोंदट, की माझ्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. खाटेवर आजोबा आणि त्यांच्या कुशीत बालवाडीतली नात. आजोबा बशीत चहा ओततात, पहिला घोट नातीचा, उरलेला त्यांचा. हा त्या दोघांचा रोजचा रिवाज. नातीच्या नाकाखाली शेंबूड वाळलेला होता. तिचं पडसं ओसरत आलं होतं.

सून म्हणाली, "ताप न्हाई त्यास्नी. खोकला बी फारसा न्हाई. पर दोन दिस जेवल्यालं न्हाईत, गपगार पडून हाईत. काल मला वळखलं न्हाई." बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. आठवडाभर दवाखान्यात राहून ते घरी आले, ही चांगली गोष्ट. पण आणखी एक दिवस थांबले असते तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हाताऱ्या माणसाला अशा आजारात ताप येईलच असं नाही. शरीराची लढायची ताकद उतरलेली असते, आणि ताप हा त्या लढाईचाच भाग आहे. म्हणून सत्तरीच्या माणसाचं जेवण तुटलं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. घरात चार दिवसांपूर्वी कुणाला सर्दी होती का, ते आधी आठवा.

आता पोरांकडं वळू. मुलांकडूनच घरात आजार येतो, हे आपल्या आज्या पूर्वीपासून म्हणत आल्या. शास्त्रज्ञांनी ते घरोघरी जाऊन तपासलं. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात १९४८ पासून जवळजवळ दहा वर्षं काही कुटुंबांमागं संशोधक लागून राहिले. कुणाला कधी शिंक आली, कुणाचा घसा कधी धरला, सगळं टिपून ठेवलं. सगळ्यात जास्त वेळा आजारी पडत होती ती लहान मुलं. आणि मोठ्या माणसांत बापांपेक्षा आयांना जास्त वेळा पडसं होत होतं. याचं नवल कुठल्याच आईला वाटणार नाही. नाक तीच पुसते, रात्री खांद्यावर तीच घेते, उष्टं तीच खाते.

केनियात किलिफी इथं संशोधकांनी आठवड्यातून दोनदा घरातल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना घेतला. त्यांना शोधायचा होता आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनळ्यांना सूज आणणारा विषाणू. निम्म्याहून जास्त बाळांना तो घरातूनच मिळाला होता. घरात तो पहिल्यांदा आणणारं बहुतेक ठिकाणी थोरलं भावंड होतं, आणि त्यातही शाळेत जाणारं.

तरी पोरगं गुन्हेगार आहे असं समजू नका. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. आपल्या देशातला त्याचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला आणि सगळा महाराष्ट्र तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागला, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. त्याच साथीत अमेरिकेतल्या घरांचा अभ्यास झाला. घरात एकाला लागण झाली, तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती प्रौढांच्या मानानं दुप्पट सहज होत होती. पण एकदा लागण झाल्यावर दुसऱ्याला देण्यात मूल आणि मोठं माणूस यांत फरक दिसला नाही. म्हणजे त्या साथीत मूल काही जास्त विषारी नव्हतं. त्याला लागण लवकर होत होती, एवढंच. त्याच्या शरीराची या विषाणूंशी अजून ओळख नसते. शिवाय वर्गात चाळीस पोरं मांडीला मांडी लावून बसतात, डबा वाटून खातात, एकाची पेन्सिल दुसऱ्याच्या तोंडात जाते. फ्लूमध्ये आणखी एक भर पडते. मोठं माणूस साधारण आठवडाभर विषाणू बाहेर टाकतं, लहान मूल मात्र दहा-दहा दिवस, कधी त्याहून जास्त. आणि हे ताप यायच्या आदल्या दिवशीच सुरू झालेलं असतं. आपल्याला कळतं तोवर आजोबांची बशी उष्टी झालेली असते.

त्याच २००९ च्या साथीत पन्नाशीपुढच्यांना लागण उलट कमी झाली. कारण ऐकण्यासारखं आहे. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना त्यांच्या लहानपणी त्याच कुळातला फ्लू भेटून गेला होता, आणि शरीरानं पन्नास-साठ वर्षं ती ओळख जपून ठेवली होती. १९१८ च्या साथीत वेगळंच झालं. वीस ते चाळीस वयाची भरात आलेली माणसं गेली, आणि आपल्या देशात तर बायका जास्त गेल्या. २०२० मध्ये करोना आला तेव्हा शाळा बंद होत्या. मग कामावर, बाजारात जाणाऱ्या मोठ्या माणसांकडूनच तो घरात आला. पोरं त्या वेळी घरात कोंडलेली होती. शाळा उघडल्या आणि वाट पुन्हा बदलली. अमेरिकेत लाखो घरांतल्या तापमापकांच्या नोंदी बघितल्या गेल्या, ऑक्टोबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या. जिथं मुलं आणि मोठी माणसं एकत्र राहतात, तिथं घरातल्या घरात पसरलेल्या तापांपैकी ७०.४ टक्के मुलांपासून सुरू झाले होते. शाळेला सुट्टी लागली की हे प्रमाण खाली येत होतं. म्हणून "आणतं ते पोरगंच" असं डोळे झाकून म्हणू नका. त्या हंगामात घराबाहेर माणसांत मिसळतं कोण आणि विषाणूला नवं कोण, हे बघायचं.

घरात बाळंतीण असेल तर पुढचं नीट ऐका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईनं गरोदरपणी घेतली, तर तिच्या रक्तातली राखण नाळेतून बाळाला मिळते. डॉक्टरांना विचारून ती घ्या. बाळाला बघायला येणारा प्रत्येकजण आधी त्याचा मुका घेतो. तो घेऊ नये, आणि हे सांगायची जबाबदारी सासूबाईंनी किंवा बाळाच्या वडिलांनी उचलावी. नव्या सुनेच्या तोंडून ते निघत नाही. थोरल्या भावंडाला बाळापासून तोडू नका. हातपाय साबणानं धुऊन त्याला बाळाच्या पायाशी बसवा, पावलांशी खेळू दे. आईला सर्दी झाली तरी अंगावरचं दूध बंद करायचं नाही, नाका-तोंडाला कापड बांधून पाजायचं. आणि एक विनंती मी अगदी हात जोडून करते. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची, वेखंडाची धुरी देऊ नका. तो धूर त्या काडीएवढ्या श्वासनळ्यांत जातो. शेकाची ऊब द्यायची तर द्या, पण धूर नको.

बाळाचं पोट उडायला लागलं, ज्याला जुन्या बायका "डबा" म्हणायच्या, तर घड्याळ घेऊन बसा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढेनासं झालं, तर अंगारा लावायला, बिब्बा घालायला थांबायचं नाही. सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, पण त्याच तासाला न्या.

आपल्याकडं पावसाळ्याचं आणखी एक आहे. फ्लू थंडीत येतो असं पुस्तकात असतं, आणि श्रीनगरला तो जानेवारी ते मार्चमध्येच जोर धरतो. पुण्याकडं, आपल्या भागात, त्याचा मोठा जोर पावसात असतो. नेमकी तेव्हाच पंचगंगा फुगते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडवून बाहेर पडतात, पाहुण्यांकडं येतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाच माणसांच्या घरात पंधरा-पंधरा माणसं राहिलेली मी बघितली आहेत. तान्हं बाळ, शाळकरी पोरं आणि ऐंशीची आजी, सगळ्यांची अंथरुणं एका सोप्यात.

अशा वेळी वेगळी खोली कुठून आणायची? नाही आणता येत. पण म्हातारं माणूस आणि बाळंतीण यांना खिडकीजवळची जागा देता येते. पोरांची अंथरुणं दुसऱ्या टोकाला घालता येतात. शेजारी-शेजारी निजायचं तर एकाचं डोकं जिकडं तिकडं दुसऱ्याचे पाय, म्हणजे रात्रभर एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या, नाहीतर एक खिडकी आणि परड्याचं दार, पावसाची झड नसेल तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा उघडा. ओली धुणी निजायच्या खोलीत वाळत घालू नका. हवा खेळती राहिली की विषाणू विरळ होतो. हे वाफाऱ्यानं होत नाही, काढ्यानंही होत नाही. काढा प्या, घशाला बरं वाटतं. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही.

मधल्या बाईकडंही बघायला हवं. सून, आई, मुलगी, जी कोणी घरात सगळ्यांचं करते ती. नातवाचं नाक पुसून तीच सासऱ्यांना गोळी देते. पोराकडून म्हाताऱ्यापर्यंत विषाणूची वाट पुष्कळदा तिच्या हातावरून, तिच्या पदरावरून जाते, आणि तिला निजायला कुणी सांगत नाही. ताप आलेल्या बाईनं म्हाताऱ्या माणसाचं करायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या पुरुषांनी पाळला, तर माझ्या दवाखान्यातली निम्मी रिक्षा-वारी कमी होईल असं मला मनापासून वाटतं. चार दिवस वडिलांना ताट मुलानं द्यावं.

आता लसीबद्दल. जपानमध्ये १९६२ पासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात झाली. पुढं १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. नंतर अभ्यासकांनी मृत्यूंचे आकडे मांडून पाहिले. मुलांना लस मिळत होती तेव्हा दरवर्षी ३७ हजार ते ४९ हजार मृत्यू टळत होते, असा त्यांचा अंदाज निघाला, आणि टळलेले मृत्यू मुख्यतः म्हाताऱ्यांचे होते. सुई नातवाच्या दंडात, जीव आजीचा वाचला. म्हाताऱ्या शरीरात लस तितकी जोमानं रुजत नाही, म्हणून त्यांनी स्वतः घ्यायचीच, आणि त्यांच्या भोवतीच्यांनीही घ्यायची. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी लागते. खर्च होतो, मला कल्पना आहे. सगळ्यांना जमणार नसेल, तर आधी म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेही आणि गरोदर बाई, मग शाळेत जाणारं पोरगं. वेळ एप्रिल-मेची. लस घेतल्यावर राखण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून पोरांच्या वह्या-पुस्तकं घ्यायला बाहेर पडाल, तेव्हाच हेही उरकून घ्या.

मघाशी सांगितलेले आजोबा या मे महिन्यात नातीला घेऊन आले होते. दोघांनी सुई टोचून घेतली, आधी आजोबांनी, मग तिनं. घरी चहा अजून बशीतूनच पितात म्हणाले, पण नातीची बशी आता वेगळी आहे, तिच्यावर निळं फूल आहे, आणि ती स्वतःच ती ओळखून उचलते.

नमस्कार.