तांत्रिक कारणास्तव

गडद हिरवा पडदा, त्यावर सोनेरी ड्रॅगन आणि खाली परवान्याचा क्रमांक. चीनमधील चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक चिनी चित्रपटाची सुरुवात या चित्राने होते. तिथले प्रेक्षक याला ‘लोंग-ब्याओ’, म्हणजे ड्रॅगनचा शिक्का, म्हणतात. १ मार्च २०१७ पासून लागू असलेल्या चित्रपट कायद्यानुसार तो चित्रपटाच्या आरंभी लावणे निर्मात्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची कुणाला आठवण होईल, परंतु आपल्या प्रमाणपत्रावर चित्रपट कोणी पाहावा याची प्रतवारी असते. चीनमध्ये अशी प्रतवारीच नाही; एक तर चित्रपट सर्वांसाठी असतो, नाही तर कोणासाठीच नसतो.

या शिक्क्याकडे जाणारी वाट चित्रीकरणाच्या आधीच सुरू होते. प्रथम कथेचा सारांश नोंदवावा लागतो. विषय लष्कर, धर्म, अल्पसंख्य समाज किंवा परराष्ट्र संबंधांशी निगडित असेल, तर संपूर्ण पटकथा द्यावी लागते आणि संबंधित खात्याचे मतही विचारात घेतले जाते. तयार झालेला चित्रपट किमान पाच तज्ज्ञ पाहतात. त्यांच्या अभिप्रायानंतर दुरुस्त्या, फेरतपासणी आणि अखेर परवाना. २०१८ पासून हा सारा कारभार कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे. परवाना नसलेला चित्रपट परदेशातील महोत्सवातही पाठवता येत नाही.

नकार मात्र क्वचितच नकाराच्या शब्दांत येतो. दिग्दर्शक लोऊ ये यांच्या ‘समर पॅलेस’मध्ये सीमेवरच्या लहान गावातून बीजिंगच्या विद्यापीठात आलेल्या मुलीची प्रेमकथा १९८९ च्या तियानानमेन आंदोलनाच्या गर्दीतून जाते. सादर केलेल्या प्रतीचे चित्र आणि ध्वनी पुरेशा दर्जाचे नाहीत, असे सांगून मंजुरी रोखण्यात आली. परवान्याविना तो २००६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि दिग्दर्शक व निर्माती या दोघांवर पाच वर्षांची बंदी आली.

आता पडद्यावर दिसणारी ही दृश्ये दिग्दर्शक झांग यिमोऊ यांच्या ‘वन सेकंड’मधील आहेत. वाळवंटातल्या वाटेवर फरफटत आलेली, धुळीने माखलेली फिल्म गावकरी एकत्र येऊन धुतात, मऊ कापडाने पुसतात, पंख्यांनी वारा घालून वाळवतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात एका रात्रीच्या खेळासाठी सारे गाव राबते आहे, कारण पुढचा खेळ कधी येईल याची खात्री नाही. श्रमछावणीतून पळालेला नायक या खेळाआधीच्या वार्तापटात आपल्या मुलीची क्षणभराची छबी शोधतो आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्लिन महोत्सव सुरू असताना, प्रदर्शनाला काही दिवस उरलेले असताना, हा चित्रपट मागे घेण्यात आला. कारण पुन्हा तेच: तांत्रिक. चीनमधील प्रेक्षकांना तो नोव्हेंबर २०२० मध्ये, नव्याने चित्रित केलेल्या भागांसह पाहायला मिळाला.

बंदीच्या काळातही लोऊ ये थांबले नाहीत. ‘स्प्रिंग फीवर’ हा चित्रपट त्यांनी नानजिंगच्या रस्त्यांवर, हातातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने, गाजावाजा न करता चित्रित केला. अंधूक प्रकाश आणि हलणारी चौकट यांत चोरून केलेल्या कामाची खूण राहून गेली आहे, आणि खरे सांगायचे तर ती त्या चित्रपटाला शोभते. २००९ मध्ये याच चित्रपटाच्या पटकथेसाठी मेई फेंग यांना कानचा पुरस्कार मिळाला.

बंदी संपल्यावर लोऊ ये २०१२ मध्ये ‘मिस्ट्री’ घेऊन रीतसर परवान्याच्या वाटेने परतले. प्रदर्शन काही आठवड्यांवर आले असताना एका हत्येच्या दृश्यात हातोडीचे घाव कमी करा, असा आदेश आला. त्यांनी अधिकाऱ्यांशी चाललेल्या वाटाघाटी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर उघड केल्या आणि शेवटी दिग्दर्शक म्हणून असलेले आपले नाव काढून घेतले. चीनमधील चित्रपटगृहांत ‘मिस्ट्री’ लागला, तेव्हा आरंभी ड्रॅगन होता, परवान्याचा क्रमांक होता. दिग्दर्शकाचे नाव नव्हते.