खिडकी मोजली, आभाळ राहिलं

(दृश्य: रिकामी खोली. एक जण गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने रेघ मारतोय.)

ही खोली 3 मीटर रुंद, 4 मीटर लांब. खिडकी एकच, दीड चौरस मीटरची. टेबलाच्या उंचीवर डोळा ठेवून हा माणूस एकेक पाऊल मागे सरकतोय. जिथे आभाळाचा शेवटचा तुकडाही दिसेनासा होतो, तिथे खडूची खूण. खुणा जोडल्या की ही रेघ होते. रेघेच्या पुढे आभाळ आहे. मागे आहे ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतून आलेली उजेडाची उधारी.

आणि रेघ बघा कुठे आली. पलंग, टेबल, कपाट, जे काही उद्या इथे येईल ते बहुतेक तिच्या मागेच.

तरीही कागदावर ही खोली पास होते. निदान काही देशांत.

(दृश्य: टेप, खिडकीची चौकट, वहीतलं गणित.)

घरातल्या खोलीला किती नैसर्गिक उजेड हवा, हे बांधकाम नियमावल्या बहुधा एका अपूर्णांकात सांगतात. जमिनीचं क्षेत्रफळ घ्या, त्याच्या अमुक एक भागाइतकी खिडकी ठेवा. जर्मनीच्या नमुना बांधकाम कायद्यात हा भाग आठवा आहे. आपल्या 12 चौरस मीटरच्या खोलीला दीड, म्हणजे अगदी काठावर पास. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या निवासी संहितेत 8 टक्के काच पुरते. तिथे एक चौरस मीटरमध्ये भागतं. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत हवामानाप्रमाणे आकडा बदलतो. कोरड्या उष्ण प्रदेशात दहावा भाग, दमट उष्ण प्रदेशात सहावा, थंड प्रदेशात बारावा. म्हणजे हीच खोली वाळवंटात चालते आणि किनाऱ्यावर नापास होते. जपानमध्ये सातवा भाग, पण तिथे खिडकीचं क्षेत्रफळ जसंच्या तसं धरत नाहीत. समोर किती मोकळं आहे ते पाहून ते कमी-जास्त करतात.

समोरची मोकळी जागा इतरही नियमावल्यांमध्ये असते, नाही असं नाही. पण तिचं कलम वेगळं, खिडकीचं वेगळं, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते.

(दृश्य: न्यूयॉर्क. कृष्णधवल छायाचित्रं.)

ही फारकत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क. भाड्याच्या इमारतींचे प्लॉट 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल. इमारती एकमेकींना चिकटलेल्या. रस्त्याकडच्या आणि मागच्या खोल्यांना खिडक्या, मधल्या खोल्या ठार काळोख्या. 1879 मध्ये कायद्याने झोपायच्या खोल्यांना उजेड आणि हवा देणं भाग पाडलं. त्याच सुमारास एका नियतकालिकाने या प्लॉटवर बसेल अशा नकाशाची स्पर्धा घेतली आणि जेम्स वेअर यांचा आराखडा पहिला आला.

(दृश्य: आराखडा, वरून.)

हा तो आराखडा. इमारत पुढेमागे रुंद, कमरेशी आवळलेली, वरून पाहिली तर व्यायामाच्या डंबेलसारखी. आवळलेल्या भागात साधारण 28 इंच जागा सोडलेली. शेजारची इमारतही तशीच बांधली की दोन्ही मिळून पाच फुटांहून अरुंद डक्ट. वर पाच-सहा मजले. मधल्या प्रत्येक खोलीची खिडकी या डक्टमध्ये उघडणारी.

कायद्याने मागितलेली खिडकी मिळाली. खालच्या मजल्यांवर उजेड काही आला नाही. लोकांनी डक्टमध्ये कचरा टाकला, आणि आग लागली की तीच डक्ट धुराड्याचं काम करू लागली.

(दृश्य: खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसं. छायाचित्रावर हळूहळू झूम.)

हे छायाचित्र जेकब रीस यांचं. डेन्मार्कहून आलेला हा वार्ताहर 1880 च्या दशकाच्या शेवटी या खोल्यांमध्ये मॅग्नेशियमची पूड पेटवून फोटो काढत असे. इथे जो लख्ख उजेड दिसतोय तो खोलीचा नाही, पुडीचा आहे.

1901 च्या कायद्याने नव्या इमारतींना असे डक्ट बंद केले आणि चांगली रुंद अंगणं सक्तीची केली. जुन्या इमारतींतल्या आतल्या खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारी खिडकी पाडायला लावली. क्षयाचा जंतू 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढला होता, आणि या आतल्या खिडक्यांना लोक क्षयाच्याच खिडक्या म्हणत. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या 97 नंबरच्या इमारतीत, जिथे आता संग्रहालय आहे, त्या पाहायला मिळतात.

(दृश्य: मुंबई. दोन चाळींमधली मोकळी जागा, वरून.)

मुंबईने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. 1896 मध्ये प्लेग आला आणि 1898 मध्ये शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. तिचा जमिनीशी होणारा कोन 63½ अंशांपेक्षा जास्त नको. कोनमापक काढायची गरज नाही. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं सोडायचं. 20 मीटरला 10 मीटर, झालं. घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, उघडणाऱ्या खिडकीला इथे उत्तर होतं, कारण खिडकी केवढी हा प्रश्नच नव्हता. तिच्यासमोर आभाळ किती उरलं, हा होता.

उजेडासाठी ट्रस्टने वस्त्या पाडल्या, आणि पाडलेल्या घरांइतकी नवी घरं वेळेवर उभी राहिली नाहीत.

(दृश्य: ढगाळ दिवस. गच्चीवर एक लक्समीटर, खोलीत दुसरा. दोघांच्या कानाला फोन.)

आजची मोजणी अशी होते. दिवस ढगाळ हवा, ऊन पडलं तर आकडे फसवतात. एक मीटर उघड्या आभाळाखाली, दुसरा खोलीत टेबलाच्या उंचीवर. एकाच क्षणी दोन्ही वाचायचे, म्हणून हा फोन. लक्स हे उजेडाचं माप. समजा बाहेर 10,000 लक्स आहेत आणि आत 100, तर प्रमाण 1 टक्का. ब्रिटिश मानकात बराच काळ झोपायच्या खोलीला 1, दिवाणखान्याला दीड आणि स्वयंपाकघराला 2 टक्के असा दंडक होता. 2018 च्या युरोपीय मानकाने तो पुढे नेला: दिवसाच्या उजेडाचे जितके तास, त्यांतले निम्मे तास निम्म्या खोलीत किमान 300 लक्स हवेत. या आकड्यात समोरची भिंत आपोआप येते, तिचा रंगसुद्धा.

मीटर खिडकीपाशी किती दाखवतो आणि एकेक पाऊल मागे नेल्यावर किती, ते पडद्यावर बघत राहा.

(दृश्य: काचेची ऑफिस इमारत. आतला लांबरुंद रिकामा मजला.)

दरम्यान काही नियम सैलही होतायत. अमेरिकेच्या त्याच निवासी संहितेत एक पळवाट आहे: दिव्यांनी सरासरी 65 लक्स उजेड आणि यंत्राने हवा दिली, तर 8 टक्के काचेची अट सुटू शकते. जपानने 2023 पासून दिव्यांची सोय असेल तर सातव्याऐवजी दहावा भाग चालवून घेतला. ऑफिसांची घरं करताना असे खोल मजले आड येतात, हे खरं. इंग्लंडमध्ये अशा रूपांतरांतून खिडक्यांविना घरं निघाली, तेव्हा 2020 मध्ये पुरेशा नैसर्गिक उजेडाची अट घालावी लागली.

दिवसाउजेड कमी पडला की झोपेचं घड्याळ बिघडतं, आणि त्याचा भार घरात बसून असलेल्या म्हाताऱ्यांवर आणि तान्ह्या बाळांच्या आयांवर जास्त पडतो.

(दृश्य: आर्किटेक्टच्या टेबलावर इमारतीचा उभा छेद. पेन्सिल खिडकीच्या वरच्या कडेवरून रेघ ओढतेय.)

नकाशा मंजुरीला देताना प्रत्येक राहत्या खोलीचा असा एक छेद जोडायला सांगता येईल. समोरच्या प्लॉटवर उद्या जितकी उंच इमारत होऊ शकते तितकी आधीच धरायची, तिच्या माथ्यावरून आणि खिडकीच्या वरच्या कडेखालून येणारी रेघ खोलीत कुठे उतरते ते दाखवायचं, आणि मंजुरी खिडकीच्या मापावर न देता त्या रेघेवर द्यायची.