फ्रीबीएसडीवर मराठी कळफलक बसवताना

'ॲड.' वकिलांच्या पाटीवर आणि 'गुऱ्हाळ' आपल्या रोजच्या बोलण्यात. कोल्हापुरात बसवलेला कळफलक या दोन शब्दांवर तपासा. ते बिनचूक उमटले, तर बाकीची मराठी सहसा अडत नाही.

फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीच्या आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधली कीमॅपची ओळ फक्त कन्सोलपुरती, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यापुरती असते. तिथे जोडाक्षरं जुळतच नाहीत, म्हणून तिच्या नादी लागू नका. आपलं काम एक्समध्ये, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या चित्रमय पडद्याच्या प्रणालीत. कायमची सेटिंग यूएसआर, लोकल, ईटीसी, एक्स११ या वाटेने झॉर्ग.कॉन्फ.डी फोल्डरात जाते. लिनक्सवरचे मार्ग इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने तात्पुरतं लावून पाहा. लेआउट (मांडणी) 'यूएस,इन' द्या. यूएस पहिला हवाच, नाहीतर पासवर्ड देवनागरीत उमटू लागेल. 'इन' म्हणजे इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी व्हेरियंटमध्ये (मांडणीच्या उपप्रकारात) स्वल्पविराम देऊन पुढे 'मार-कागपा' लिहावं. तो स्वल्पविराम गाळला की व्हेरियंट इंग्रजी लेआउटला लागतो. तिथे तो नसतोच, आणि लोड होताना त्रुटी येते. भाषा बदलण्याच्या कळांचे ऑप्शन साठत जातात. नवा देण्याआधी रिकामा ऑप्शन देऊन जुने पुसा.

आता 'गुऱ्हाळ'. इनस्क्रिप्टवर क्रम असा: आय, जी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, शिफ्ट-एन. शिफ्ट-जेवर ऱ आहे. नुसता जे दाबला तर रफार येऊन 'गुर्हाळ' होतं. काहीजण साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून तेच रूप काढतात. दिसायला सारखं, पण आतले संकेत वेगळे, त्यामुळे शब्द शोधताना सापडत नाही. एका कार्यालयात एकच पद्धत असावी. माझी शिफारस ऱचीच.

'ॲड.'चं दुखणं निराळं. 'इन' मांडणीत शिफ्ट-१ वर ऍ येतो. मराठीला हवा ॲ, युनिकोड क्रमांक ०९७२, जो २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. एक्सकेबीच्या (एक्समधल्या कळफलक-व्यवस्थेच्या) सिम्बॉल्स फोल्डरातली मूळ 'इन' फाइल बदलू नका, पॅकेज अपग्रेड झालं की तुमची दुरुस्ती पुसली जाईल. शेजारी 'मराठीकोल्हापूर' अशी वेगळी फाइल करा (नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत). तिच्यात 'इन' समाविष्ट करून फक्त '१' या आकड्याच्या कळेची ओळ नव्याने लिहा: आधी १, मग ॲ. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरला तर मांडणी लोड होत नाही. डेस्कटॉपच्या यादीत हे नाव दिसणार नाही, पण सेटएक्सकेबीमॅपला ते चालतं.

तपासणी एक्सटर्म या टर्मिनल खिडकीत करू नका. तिथे वेलांटी भलतीकडे दिसते आणि दोष कळफलकावर जातो. देवनागरी फॉन्ट बसवून लिब्रेऑफिसमध्ये तपासा.