आगीनंतर डोक्यावरचा स्लॅब

नमस्कार, श्रोतेहो.

खाली दुकान, मधे गोदाम, वर कुटुंब. नागपुरात इतवारी, गांधीबाग, महालात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. गोदामाला आग लागते, बंब येतात, आग विझते. दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू होतं ते मालाचं आणि विम्याचं. स्लॅबचा विषय काढला की उत्तर येतं, "सिमेंट काय जळते का जी?"

जळत नाही, हे खरं. पण तापतं. प्रयोगशाळेत बांधकामाची अग्निचाचणी घेतात, तेव्हा भट्टीचं तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश सेल्सिअसवर आणि तासाभरात ९४५ अंशांवर नेतात. आणि सळई ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापली, की तिची जवळपास निम्मी ताकद जाते. तरीही चांगला स्लॅब तासभर तग धरतो, कारण काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश आत शिरते. ज्वाळा आणि सळई यांच्यामध्ये असतो तो कव्हरचा, म्हणजे सळईला झाकणाऱ्या काँक्रीटचा थर.

आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात त्याचे आकडे आहेत. नुसत्या टेकवलेल्या स्लॅबला एक तासाच्या आगीसाठी २० मिलिमीटर कव्हर चालतं, दोन तासांसाठी ३५ लागतं. तशाच बीमला दोन तासांसाठी ४०. चारही बाजूंनी आग लागू शकेल असा कॉलम दोन तास टिकवायचा, तर त्याची रुंदी किमान ३०० मिलिमीटर हवी. नकाशावर हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकऐवजी, म्हणजे सळई उचलून धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी, गिट्टीचा तुकडा सरकवतात, सळयांच्या जाळीवरून माणसं चालतात, तुकडा निसटतो आणि सळई थेट सेंट्रिंगच्या प्लेटवर बसते. तुमच्या घराचं काम सुरू असेल, तर ओतकामाच्या सकाळी वाकून जाळीखाली पाहा. ब्लॉक दिसले नाहीत तर काम थांबवा. मिस्त्री रागावला तरी चालेल.

आता आग लागून गेली असेल तर काय करायचं? आधी टेकू द्या, मगच आत जा. काजळी किती आहे यावरून काही ठरत नाही. वितळलेल्या वस्तू जास्त सांगतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून खिडकीची चौकट ओघळलेली असेल तर तिथे त्याहून जास्त उष्णता होती. म्हणूनच तपासणीआधी मलबा उचलू नका. काँक्रीट ३०० अंशांच्या पुढे तापलं की पुष्कळदा गुलाबी होतं. रेती आणि गिट्टीतल्या लोहामुळे हा रंग येतो. सगळ्याच गिट्टीत तो उमटत नाही, त्यामुळे गुलाबी दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

हातोडीनं ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर आतला थर सुटलेला आहे. पण पहिल्या दिवसाच्या पाहणीवर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खूप तापलेल्या काँक्रीटमध्ये कळीचा चुना तयार होतो. बंबाचं पाणी, हवेतला ओलावा लागला की तो फुगतो, आणि काही दिवसांनी नव्या भेगा दिसतात.

पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. तो ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासेल, कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना कापून काढेल, सळईचा तुकडा चाचणीला पाठवेल. जुन्या इमारतींत पीळ दिलेल्या टॉर सळया असतात. खूप तापल्यावर त्यांची पिळामुळे आलेली ताकद थंड झाल्यावरही परत येत नाही. तरीही शंका उरली तर भार-चाचणी घेतात. नेहमीच्या वापरासाठी धरलेल्या भाराच्या सव्वापट भार २४ तास स्लॅबवर ठेवायचा, मग काढायचा, आणि पुढच्या २४ तासांत वाक निदान ७५ टक्के भरून येतो का ते मोजायचं. तेवढा भरून आला नाही तर मानक एकदा पुन्हा चाचणीची संधी देतं. या सगळ्याचे निकाल लेखी हातात येईपर्यंत प्लास्टरवाल्याला बोलावू नका, आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला परत राहायला येऊ देऊ नका.