पुलाखालचा सांधा

लालबाग. एका मंडळाचा बाप्पा परळच्या कारखान्यातून निघून उड्डाणपुलाखाली आलाय. ऑगस्टमधली रात्र, पाऊस आत्ताच थांबलाय, मूर्तीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पुढे पोरं नाचतायत. त्यांच्यामागे, स्पीकरच्या हातगाडीला धरून चालणारी ती दहा-बारा माणसं दिसतात? ती बेंजो पार्टी, मिरवणुकीत चालता चालता वाजवणारी. त्यांच्याकडे बघा आणि अर्धा मिनिट नुसतं ऐका. मी बोलत नाही.

(तीस सेकंद फक्त वादन)

मी पंधरा वर्षं असंच काहीतरी शोधत होतो. शब्द नसलेलं, वीस-वीस मिनिटं चालणारं, मध्येच ताल बदलणारं. इंग्लंडात १९६०च्या दशकाच्या अखेरीस असं वाजवणारे बँड पुढे आले, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. त्यातले कुणाच्या फारसे कानावर न पडलेले बँड मी चोरबाजारातल्या रेकॉर्डच्या ढिगातून हुडकून काढायचो. एखादा सापडला की मित्रांना घरी बोलावून जबरदस्तीने ऐकवायचो. आणि घर चिंचपोकळीला. दर वर्षी गणपतीच्या आधी बेंजो पार्टी खिडकीखालून जायची, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचो.

एका वर्षी लावली नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं, आणि भायखळ्याला उतरायचं ते थेट सीएसएमटीला उतरलो.

आता हे वाद्य जवळून बघू. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली लाकडी पेटी, त्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. त्या बटणांवरचे आकडे घासून गेलेत. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात प्लास्टिकची नखी. अंगठ्याला चिकटपट्टी आहे, तिची कडा काळी पडलीय. अमेरिकेतल्या चामड्याच्या गोल बँजोशी याचं फक्त नाव जुळतं. हा आला जपानमधून. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य केलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, आणि गिरणगावातल्या गल्ल्यांत त्याला तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप लागला, वायर लागली, इको लागला.

तार छेडली की तिचा आवाज पटकन विरतो. सतारीसारखी लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इथे सहज निघत नाही. म्हणून सूर धरून ठेवायचा तर नखी एकाच तारेवर सतत फिरती ठेवावी लागते, भिंगरीसारखी. बेंजोचा तो थरथरता आवाज त्यातून येतो. आठ-दहा ताशे-ढोल वाजत असतानाही तो वर उठून दिसतो, कारण तो बारीक आणि धारदार आहे. मला तर वाटतं, या शहराच्या रस्त्यासाठी याहून योग्य वाद्य कुणी मुद्दाम बनवायला बसलं असतं तरी बनलं नसतं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, ते.

सुरुवातीला आरतीची चाल होती, ढोलकी जवळजवळ गप्प. मग कोळीगीत. कोळीगीताचा झुलता ठेका दादऱ्याच्या वळणाचा: सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. होडी हलावी तसा. आता ढोलाचा मोठा ठोका पकडून ठेवा. धूम, धूम. पायाने मोजा. तो ठोका तसाच चालू राहील, पण ऐका, आत ताशाने तीनाच्या जागी चार भरले. सहाचा दादरा गेला, आठ मात्रांचा केरवा आला. नाचणाऱ्या एकाही पोराचा पाय चुकला नाही, कारण त्यांचे पाय ठोक्यावर होते आणि ठोका हललाच नाही. पुन्हा दाखवतो.

(तोच तुकडा पुन्हा, सावकाश)

दादरला गाडी सांधा बदलते तेव्हा आत उभ्या माणसाला जेमतेम एक हेलकावा बसतो. तसं आहे हे. जे मी दूरच्या देशांतल्या बँडमध्ये शोधत होतो, ते इथे पावसात, चालता चालता, कागदावर एक अक्षर न लिहिता वाजत होतं.

मी बेंजोवाल्यांना विचारलं, “दादा, हे कुणी बसवलं?”

“कुणी म्हणजे? आम्हीच. तालमीला.”

गाणी दुसऱ्यांची असतात, सिनेमातली, कोळीवाड्यातली, भजनातली. पण दोन गाण्यांमधला सांधा यांचा स्वतःचा. आणि त्याच्यावर कुणाचं नाव नसतं. चाली दुसऱ्यांच्या, त्यामुळे अल्बम काढायचा म्हटलं की हक्कांचा प्रश्न येतो. सुपारी मंडळाची, म्हणून बॅनरवर नाव मंडळाचं. पार्टीचं नाव टी-शर्टच्या पाठीवर, आणि तेही गर्दीत कोण वाचतो? सण संपले, हळदी आटपल्या की सगळे आपापल्या कामाला. ढोलकीवाला कुरियरमध्ये आहे, ताशावाल्यांपैकी एक जण रिक्षा चालवतो.

डीजेच्या भिंती आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्यात, असं ते सांगतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. डीजेवर हा सांधा ऐकू येणार नाही, कारण तिथे कुणी कुणाकडे बघून वाजवत नाही. इथे बेंजोवाला मान किंचित खाली घालतो, आणि त्या एका इशाऱ्यावर बारा माणसं ताल बदलतात.

दहाला पाच कमी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, आज ती नाही. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत लय चढत जाते, सगळ्यात अवघड जागा इथेच येतात. पोलीस घड्याळाकडे बघतोय. ढोलकीवालाही.

तिहाई, एकच तुकडा तीनदा. सम, तालाची पहिली मात्रा. जनरेटर बंद.

पोरं पांगतात. मूर्ती ढकलत पुढे जाते. बेंजोची वायर काढलेली आहे, तरी दादा पुलाच्या खांबाला टेकून वाजवतायत. आता फक्त तारेचा आवाज, इतका बारीक की कॅमेरा अगदी छातीशी न्यावा लागला. शेजारी यंदाच आलेला ताशावाला पोरगा मांडीवर ठेका धरून बसलाय. तिनातून चारात जाताना त्याचा हात अडखळतो.

“थांब,” दादा म्हणतात. “परत कोळीगीतापासून घे.”